खडू-फळा : हजेरी

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे लेकीला उटणं लावून न्हाऊ घातलं, नवऱ्याच्या पाठीला तेल चोळलं आणि सगळ्यांत शेवटी मी स्वतः अंघोळीला गेले. एडिंबरातली ऑक्टोबरची पहाट, बाहेर वाऱ्याचं थैमान. पाणी सोसेल तेवढं कढत घेतलं. बाहेर आले तर उजव्या डोळ्याला पणत्या नीट दिसत होत्या आणि डाव्या डोळ्याला त्यांच्या जागी नुसतं पिवळट धुकं. कारीट इथे मिळत नाही, म्हणून आम्ही चेरी टोमॅटो फोडतो. तो माझ्या पायाखालून दोनदा निसटला. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओवर बघत होत्या. "साबण गेला का गं डोळ्यात?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं.

साबण गेला नव्हता. वीसेक मिनिटांत अंग निवलं तसं धुकं आपोआप विरलं. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत, ज्यांची नजर श्रमानंतर अंधूक होई आणि विश्रांतीनंतर परत येई. मज्जातंतूवरचं आवरण झिजलेलं असेल तर शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी त्यातून जाणारा संदेश अडखळतो. माझ्या डाव्या डोळ्याच्या तंतूवरचं आवरण असंच झिजलेलं आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. एमएस. तीन वर्षं झाली.

या सदरात मी तुम्हाला जोडाक्षरांच्या युक्त्या सांगितल्या, परदेशातल्या मुलांना 'ळ' कसा म्हणायला लावायचा ते सांगितलं, पुरणाचं पाणी सुटलं ती फजितीही सांगितली. हे सांगितलं नाही. मंडळाच्या गणपतीत लेझमीला उभी राहिले नाही तेव्हा पाय मुरगळला म्हणाले होते. तोही मुरगळला नव्हता. ज्यांनी तेव्हा आयोडेक्स आणून दिलं त्यांची आधी माफी मागते आणि मग विषयाकडे वळते.

सुरुवात कुंकवाच्या करंड्यापासून झाली. डोळा हलवला की मागे दुखायचं, आणि एक दिवस लक्षात आलं, की उजव्या डोळ्याला लालभडक दिसणारं कुंकू डाव्या डोळ्याला विटकरी दिसतंय. चष्म्याच्या दुकानात सांगितलं, की मोबाईल कमी बघा. दोन आठवड्यांनी मी डोळ्यांच्या इस्पितळात होते, तिथून एमआरआयला, तिथून पाठीच्या कण्यातलं पाणी काढायला. एमआरआयच्या अहवालात एक शब्द होता : डॉसनची बोटं. मेंदूतल्या पोकळ्यांपासून बाहेर बोटांसारखे पसरलेले डाग. घरी येऊन शोधलं, तर हे जेम्स डॉसन एडिंबराचेच! १९१६ साली याच शहरात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी या आजाराचे डाग तपासून तपशीलवार लिहून ठेवले. शंभर वर्षांनी कोल्हापूरच्या एका मराठीच्या बाईंच्या डोक्यात त्यांची बोटं सापडावीत, याला काय म्हणायचं?

रक्ताच्या चाचण्यांत आणखी एक नाव भेटलं : मॉग. हे मायलिनमधलं एक प्रथिन आहे. माझ्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का ते पाहिलं, कारण त्या असत्या तर आजार एमएस नसून दुसराच निघाला असता आणि औषधंही वेगळी. त्या नव्हत्या. अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्याही नव्हत्या. त्या असत्या तर तो तिसराच आजार. बाहेरून तिन्ही सारखे दिसू शकतात : डोळा जातो, पाय जड होतात. वेगळेपण कळतं ते एका प्रथिनाच्या खुणेवरून. शास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला होता, पुढे सगळं मराठीच. पण तेव्हापासून या खुणांनी मला जे धरलंय ते सोडलेलं नाही.

मायलिन म्हणजे मज्जातंतूभोवती गुंडाळलेलं स्निग्ध आवरण. वायरवरच्या प्लॅस्टिकची उपमा सगळेच देतात. मला ती अपुरी वाटते, कारण प्लॅस्टिक निर्जीव असतं आणि हे आवरण म्हणजे एका जिवंत पेशीचाच पसरलेला पदर आहे. मेंदूत हे काम करणाऱ्या पेशीचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. नावाला घाबरू नका. ग्रीकमध्ये ऑलिगो म्हणजे थोडे आणि डेंड्रॉन म्हणजे झाड; थोड्या फांद्यांची पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने रंगवून ती १९२१ साली जगाला दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी थोर शास्त्रज्ञ काहाल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं आणि हा माणूस पॅरिस, ऑक्सफर्ड करत ब्वेनोस आयरिसला पोचला, तिथेच १९४५ साली वारला. घरापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

'थोड्या फांद्या' हे नाव तसं फसवं आहे. एकेक पेशी कधी चाळीस-पन्नास तुकड्यांवर आवरण गुंडाळते. आवरण असलं की संदेश उड्या मारत जातो. बुद्धिबळाच्या पटासारखे उलटसुलट होणारे चौकोन दाखवून डोळ्याकडून मेंदूकडे लहर किती वेळात पोचते ते मोजतात. साधारण शंभर मिलिसेकंद लागतात. माझ्या उजव्या डोळ्याला तेवढेच लागले, डाव्याला एकशे तीस. म्हणजे डाव्या डोळ्याने मी तुम्हाला तीस मिलिसेकंद उशिरा बघते.

आता खुणा. मेलेल्या माणसाच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर हजारो ठिपके दिसतात. यातली मायलिन करणारी पेशी कुठली? मी शाळेत असताना बीएडच्या मुली पाठ घ्यायला यायच्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्याच साड्या. बाई कोण, बीएडची मुलगी कोण आणि पालक कोण, हे शिपायाला बिल्ल्यावरून कळायचं. पेशींचे बिल्ले म्हणजे त्यांची प्रथिनं. एकाच प्रथिनाला जाऊन चिकटेल अशी अँटिबॉडी तयार करतात, तिला रंग जोडतात आणि काप त्यात भिजवतात. जिथे ते प्रथिन असेल तिथे रंग धरतो.

या घराण्यातल्या लहानथोर सगळ्या पेशींवर ऑलिग-२ आणि सॉक्स-१० हे दोन बिल्ले असतात. ते शाळेचं ओळखपत्र समजा. अजून शिकाऊ असलेल्या, म्हणजे बीएडच्या मुलींवर, पीडीजीएफआर-अल्फा आणि एनजी-२ असतात. मोठ्या माणसाच्या मेंदूतही या शिकाऊ पेशी भरपूर असतात, हे मला माहीतच नव्हतं. नुकत्याच कामाला लागलेल्या पेशीत बीकॅस-१ दिसतं आणि काम पूर्ण झालं की ते ओसरतं. तयार मायलिनमध्ये पीएलपी सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल एमबीपी, आणि मॉग अगदी थोडं, तेही सर्वांत बाहेरच्या थरावर. एमबीपीचं काम थर एकमेकांना घट्ट बसवण्याचं. ते ज्या उंदरांत जन्मतःच बनत नाही ते सारखे थरथरतात. शिवाय पेशी हे प्रथिन मध्यभागी तयार करून पाठवत नाही. कृतीची चिठ्ठी फांदीच्या टोकाला धाडते आणि जिथे गुंडाळायचं तिथेच ते बनवते. वऱ्हाडासाठी घरून पोळ्या लाटून न नेता मांडवाशेजारीच चूल मांडावी, तसं.

पण बिल्ला फसवूही शकतो. एमएसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशीच मायलिनवर चाल करून येतात आणि त्याचे तुकडे गिळतात. मग त्यांच्या पोटातही मायलिनची प्रथिनं सापडतात. मॉग काही दिवसांत पचतं, पीएलपी त्याहून जास्त दिवस टिकतं. त्यामुळे कुणाच्या पोटात काय उरलंय यावरून डाग ताजा की जुना याचा अंदाज बांधता येतो. चोराच्या पोटातल्या लाडवावरून चोरी कधी झाली ते ओळखण्यातला प्रकार. दुसरी गंमत सीसी-१ या अँटिबॉडीची. ही अँटिबॉडी प्रौढ पेशी ओळखते म्हणून प्रयोगशाळा ती वर्षानुवर्षं वापरत होत्या, आणि ती ज्या प्रथिनाला चिकटते असं सगळे समजत होते त्याला ती चिकटतच नव्हती. क्वेकिंग-७ नावाच्या भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. हे २०१६ साली लक्षात आलं. ओळख बरोबर, नाव चुकीचं! म्हणून शहाणे लोक एका बिल्ल्यावर विसंबत नाहीत, दोन-तीन एकदम बघतात.

हे सगळं मला शिकवलं आमच्या शेजारच्या आजींनी. त्या मूळच्या ऑर्कनी बेटांवरच्या. जगात एमएसचं प्रमाण सर्वांत जास्त जिथे मोजलं गेलं त्यांत ऑर्कनी वरच्या क्रमांकाला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे लाखात सुमारे चारशे लोकांना हा आजार आहे. आजींना तो तिशीत झाला, माझ्याइतक्याच असताना. मी त्यांना भेटले तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. माझं निदान झाल्यावर नवऱ्यानंतर मी पहिल्यांदा सांगितलं ते त्यांना, भावाबहिणींच्याही आधी. त्यांनी आधी चहा ओतला, मग विचारलं, "तुला वाचायला आवडतं ना?" आणि एका संशोधनाची प्रत काढून दिली. शाळेत नोकरी केलेल्या बाईला कसं सावरायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

तो २००२ सालचा अमेरिकेतला अभ्यास होता. एमएस असलेल्या दहा मृत माणसांच्या मेंदूंतले अठ्ठेचाळीस जुने डाग तपासले होते. तोवर बहुतेकांचा समज असा, की जुन्या डागात मायलिन करणाऱ्या पेशी उरतच नाहीत; सगळं मेलं, वण राहिला. पीएलपीची खूण लावून पाहिलं, तर अठ्ठेचाळीसपैकी चौतीस डागांत पेशी होत्या. त्यांना फांद्या फुटलेल्या होत्या, त्या फांद्या उघड्या पडलेल्या तंतूंपर्यंत पोचलेल्याही होत्या. फक्त गुंडाळत नव्हत्या. बीएडची मुलगी वर्गाच्या दारात उभी आहे, हातात खडू आहे, हजेरी लागली आहे आणि पाठ काही सुरू होत नाही.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. औषधं जे करतात ते हल्ला थांबवण्याचं काम, आणि ते आता बरंच चांगलं होतं. मलाही गेल्या दोन वर्षांत नवा झटका आलेला नाही. पण जे झिजलं ते भरून निघेल का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायलाच घाबरत होते. पेशीच मेल्या असतील तर उत्तर एक. पेशी दारात थांबल्या असतील तर उत्तर वेगळं.

अर्थात इतकं सरळ नाही. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत पेशींची वयं काढली, तीही कशी बघा. १९५०-६०च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि १९६३च्या करारानंतर कमी होत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत राहतो. त्यावरून २०१४ साली कळलं, की निरोगी मेंदूच्या पांढऱ्या भागात या पेशींची संख्या पाचव्या वर्षापर्यंतच जवळजवळ पूर्ण भरते आणि पुढे वर्षाला तीनशेत एखादीच बदलते. (माझी लेक यंदा सहाची झाली. तिचा वर्ग भरला म्हणायचा.) २०१९ साली त्यांनी एमएसच्या रुग्णांचे असे डाग तपासले, जिथे पातळ का होईना, मायलिन परत आलेलं होतं. तिथल्या पेशी नव्या नव्हत्या, जुन्याच होत्या. म्हणजे उंदरांत शिकाऊ पेशी दुरुस्तीला धावतात, तसं माणसांत होत नसावं. हल्ल्यातून वाचलेल्या जुन्या बाईच पुन्हा पदर खोचत असाव्यात. उलट २०१७ साली बीकॅस-१ची खूण लावून पाहणाऱ्यांना काही रुग्णांच्या डागांत नव्याने कामाला लागलेल्या पेशी दिसल्या. दोन हजेरीपट अजून जुळत नाहीत. आमच्या एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी स्टॉकहोमच्या मदतीने २०१९ सालीच एकेका पेशीकेंद्रकातली जनुकं वाचली आणि दाखवलं, की ऑलिगोडेंड्रोसाइट सगळ्या एकसारख्या नसतात. त्यांचे उपप्रकार असतात, आणि एमएसमध्ये काही उपप्रकार कमी होतात, काही वाढतात. हे डागांतच नाही, वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या भागातही होतं.

वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या! "तुला बघून वाटत नाही हो," असं जे मला आता ऐकायला मिळणार आहे, त्यासाठी हे वाक्य मी पाठ करून ठेवलंय.

औषधांचं थोडक्यात सांगते, कारण अंक वाचून पहिला फोन त्याबद्दलच येईल. सर्दीच्या एका जुन्या औषधाने, क्लेमास्टिनने, थांबलेल्या पेशी कामाला लागतात का, हे सान फ्रान्सिस्कोत पन्नास रुग्णांवर पाहिलं गेलं. २०१७ साली निकाल आला. डोळ्याची लहर लवकर पोचू लागली, पण दोन मिलिसेकंदांहूनही कमी. माझ्या तीसमधून दोन वजा करा. केंब्रिजमध्ये मेटफॉर्मिन, हो, आपल्या घराघरांतली मधुमेहाची गोळी, क्लेमास्टिनसोबत देऊन पाहिली गेली. म्हाताऱ्या उंदरांच्या शिकाऊ पेशी तिने पुन्हा तरतरीत होतात असं आधी दिसलं होतं. पण आईबाबांच्या डब्यातली गोळी कुणी एमएससाठी घेऊ नका. दुसऱ्या एका चाचणीत क्लेमास्टिन घेणाऱ्या काहींचा आजार उलट वेगाने वाढला आणि त्या औषधापुरती चाचणी थांबवावी लागली.

आणखी एक, आपल्या मंडळासाठी. भारतात एमएस इथल्यापेक्षा पुष्कळ कमी आढळतो. पण भारतीय उपखंडातून इंग्लंडला आलेल्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांत त्याचं प्रमाण इथल्या लोकांच्या जवळ जातं, असं १९९० सालीच नोंदवलं गेलं आहे. का, याचं एकच उत्तर नाही. एपस्टीन-बार विषाणू, ऊन आणि ड जीवनसत्त्व, जनुकं अशी बरीच नावं घेतात. घाबरायला म्हणून सांगत नाही. आपल्या कुणाच्या मुलीने "लाल रंग फिका दिसतो" म्हटलं, तर "मोबाईल ठेव" म्हणून विषय संपवू नका, एवढंच.

आजी फेब्रुवारीत गेल्या. त्यांनी खूप आधीच मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू दान करायची नोंदणी केलेली होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९९८ पासून यासाठी पेढी आहे. जिवंत माणसाच्या मेंदूचा काप कुणी सहसा काढत नाही. पीएलपी, बीकॅस-१, कार्बन, जनुकं, हे वर मी जे जे सांगितलं ते कुणीतरी दिलं म्हणूनच कळलं. प्रथिनं आणि त्यांच्या चिठ्ठ्या मृत्यूनंतर हळूहळू बिघडतात, म्हणून घाई करावी लागते. आजी गेल्या त्या रात्री त्यांची मुलगी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोन करत होती, कारण त्यांच्या घरात नातेवाइकांची गर्दी होती. ती रडत नव्हती. शुद्धलेखन सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून आईचं नाव सांगत होती. मी नुसता चहा केला. त्यांच्याकडूनच शिकले होते.

तोच अर्ज मी मे महिन्यात भरला. जवळच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं, कारण त्या रात्री फोन त्यालाच करायचा असतो. नवरा म्हणाला, "अगं, तू अडतीस वर्षांची आहेस." मी म्हटलं, "म्हणूनच आत्ता." अर्ज आठ दिवस कालनिर्णयमागे खोचलेला होता. मग एका सकाळी तिथे नव्हता, त्याने तो पोस्टात टाकला होता आणि फोन नंबर स्वतःच्या पाकिटात ठेवला होता. आईला कोल्हापूरला फोन करून आजाराचं सांगितलं, अर्जाचं अजून नाही. तिला "अर्धं शरीर कसं गं देतात?" या प्रश्नाचं उत्तर नीट देता आलं पाहिजे, त्याची तयारी करते आहे. कुठल्याही पाठाचं टाचण आधी काढावं लागतं.

सासूबाईंना हा अंक साताऱ्याला मिळायच्या आधी सांगायचं होतं, म्हणून परवा फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे साबण गेला नव्हता तर."

"नाही."

"कोमट पाण्यानं होतं का असं?"

"नाही होत."

"मग यंदा मी फोन करते पहाटे," म्हणाल्या, "पाणी बघायला."